स्टॉक कार शर्यतींचा आरंभकाळ : मातीच्या ट्रॅकवरच्या त्या दिवसांत नेमके काय होते?

नौपाडाकर (ठाणे) :

अमेरिकेतील स्टॉक कार शर्यतींचा, म्हणजे आज नॅसकार या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या खेळाचा, साधारण १९४८ ते १९७० हा आरंभीचा कालखंड मला आजच्या शर्यतींपेक्षा कितीतरी अधिक ओढ लावतो. या ओढीमागे नेमके काय आहे, हे जाणकारांशी बोलून तपासावे म्हणून हा धागा काढत आहे.

आजचे चालक कमी कुशल आहेत, असे माझे म्हणणे मुळीच नाही. परंतु आजची गाडी आतून-बाहेरून शर्यतीसाठीच घडवलेली असते. तिच्यावर कंपनीचे नाव असते, पण शोरूममधल्या गाडीशी तिचे नाते दिसण्यापुरतेच उरले आहे. १९४९ मध्ये मात्र नियमच असा होता की, दुकानातून गाडी जशी बाहेर पडते तशीच ती ट्रॅकवर उतरली पाहिजे. दिव्यांच्या काचांवर चिकटपट्टी लावायची, दार उघडू नये म्हणून ते पट्ट्याने किंवा दोरीने बांधायचे आणि निघायचे. १९ जून १९४९ रोजी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट येथे या प्रकारातली पहिली शर्यत झाली, तेव्हा ली पेटी यांनी ब्यूइक रोडमास्टर उतरवली होती. ती चालवतच ते कुटुंबासह ट्रॅकवर आले होते. शर्यतीत गाडी उलटली, मोडली आणि आता घरी जायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. जेमतेम बारा वर्षांचा होत आलेला त्यांचा मुलगा रिचर्ड हे सारे पाहत होता; त्याच रिचर्ड पेटींनी पुढे २०० शर्यती जिंकल्या.

ठाण्यात राहणाऱ्या माणसाला कॅरोलायनाच्या लाल मातीबद्दल हुरहुर का वाटावी, असे मला घरी विचारले जाते. त्याचे माझे उत्तर असे की, त्या गाड्या आपल्याही होत्या. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या परवान्याने डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जोडल्या जात होत्या, आणि या गाड्या मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सी म्हणूनही धावल्या. माझे वडील आजही त्या गाड्यांच्या लांबलचक मागच्या सीटबद्दल आणि गिअर बदलताना स्टिअरिंगखालचा दांडा ओढण्याच्या चालकाच्या लकबीबद्दल भरभरून बोलतात.

आणि ४ सप्टेंबर १९५० रोजी साउथ कॅरोलायनातील डार्लिंग्टन येथे ५०० मैलांची पहिली मोठी शर्यत कोणी जिंकली? जॉनी मँट्झ यांनी, आणि तीही एका साध्या सहा सिलिंडरच्या प्लिमथमध्ये! त्या दिवशी ७५ गाड्या एका वेळी सुटल्या, आणि पात्रता फेरीत सर्वांत संथ ठरलेल्या गाड्यांत ही प्लिमथ होती. कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल पहिल्या काही फेऱ्यांतच पुढे निघून गेल्या, पण डांबरी ट्रॅकवर त्या जड गाड्यांचे टायर एकामागून एक फुटू लागले. मँट्झ यांना डांबरी ट्रॅकचा जुना अनुभव होता. त्यांनी मालमोटारीचे कडक रबराचे टायर लावले होते आणि ते एका लयीत, ताशी सुमारे ७५ मैल सरासरीने, साडेसहा तासांहून अधिक काळ गाडी चालवत राहिले. शेवटी दुसऱ्या क्रमांकावरची गाडी त्यांच्या नऊ फेऱ्या मागे होती. त्या गाडीचे एक छायाचित्र मी पुन्हा पुन्हा पाहतो. दारावर हाताने रंगवलेला ९८ हा आकडा, त्याला जोडलेले ज्युनियर, आणि बाकी सगळी गाडी कोणाही कारकुनाच्या दारात उभी असावी तशी.

माझे प्रश्न असे आहेत. दुकानातली गाडी जशीच्या तशी, ही अट खरोखर पाळली जात होती, की ती आपण मागाहून रंगवलेली समजूत आहे? दारूची चोरटी वाहतूक करणाऱ्यांनी हा खेळ जन्माला घातला, असे सर्रास म्हटले जाते, त्यात तथ्य किती? आणि त्या काळातले ट्रॅक आज कुठे शिल्लक आहेत का?

वागळे इस्टेट :

माझे सारे आयुष्य मालमोटारींचे कमानपाटे (गाडीचे ओझे पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या) बसवण्यात आणि उतरवण्यात गेले असल्यामुळे आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी पाट्यांवरूनच देतो, कारण त्या खेळातला पहिला मोठा वाद पाट्यांवरूनच झाला.

आपण म्हणता त्याच शार्लटच्या शर्यतीत सर्वांत आधी रेषा ओलांडली ती ग्लेन डनवे यांच्या १९४७ च्या फोर्डने. शर्यतीनंतर तपासनीसाने गाडी खालून पाहिली आणि मागचे पाटे पाचर मारून पसरवलेले आढळले. त्या काळच्या फोर्डला मागच्या धुरीवर एकच आडवा कमानपाटा असे. डिकीत दारूचे डबे खच्चून भरले की गाडीची शेपूट खाली बसते, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या अबकारी अधिकाऱ्याला ते लांबूनच कळते. म्हणून हातभट्टीवाले पाटा ताठ करून घेत. माल भरला की गाडी सरळ दिसे आणि रिकामी असली की मागून उचललेली दिसे. याच ताठ पाट्यांमुळे वळणावर गाडी कलत नसे, आणि पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर, जिथे दर काही सेकंदांनी वळण येते, तिथे एवढ्याने शर्यतीचा निकाल बदलू शकतो. डनवे बाद झाले आणि कॅन्सासहून आलेल्या जिम रोपर यांच्या लिंकनला विजय देण्यात आला. डनवे यांच्या गाडीचे मालक ह्यूबर्ट वेस्टमोरलंड यांनी १०,००० डॉलरचा दावा लावला, परंतु न्यायालयाने तो फेटाळला. नियम करण्याचा आणि ते राबवण्याचा संघटनेचा अधिकार त्या दिवशी पक्का झाला. म्हणजे अट होती, ती मोडलीही जात होती, आणि मोडणाऱ्याला पहिल्याच दिवशी विजय गमवावा लागला. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

यापुढची पळवाट अधिक हुशारीची होती. हडसन कंपनीने आपल्या हॉर्नेट या गाडीसाठी अधिक दणकट सुटे भाग बनवले, ते खडतर वापरासाठीचे म्हणून आपल्या यादीत छापले आणि विक्रीला ठेवले. यादीत आहेत म्हणून ते नियमात बसले. मुळात हॉर्नेटची रचनाच उत्तम होती. तिचा तळ चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांच्या मध्ये खाली उतरवलेला असल्यामुळे सगळे वजन जमिनीलगत राही, आणि वळणावर तिला जे जमे ते इतरांना जमत नसे. १९५२ च्या हंगामात ३४ पैकी २७ शर्यती हडसनने जिंकल्या. रविवारी जिंका आणि सोमवारी विका, अशी त्या धंद्यातली म्हण आहे, पण हडसनच्या वाट्याला ते आले नाही. दोन वर्षांतच, म्हणजे १९५४ मध्ये, ती कंपनी नॅशमध्ये विलीन झाली. इतकी चांगली गाडी बनवणाऱ्या कारखान्याचे असे व्हावे, याचे मला कारागीर म्हणून आजही वाईट वाटते.

आता आपला दुसरा प्रश्न. अमेरिकेतील दारूबंदी १९३३ मध्येच उठली होती. त्यानंतरही डोंगराळ भागातल्या भट्ट्या चालू राहिल्या, त्या कर चुकवण्यासाठी आणि जिथे स्थानिक बंदी कायम होती तिथे पुरवठा करण्यासाठी. जॉर्जियातील डॉसनव्हिल आणि नॉर्थ कॅरोलायनातील विल्क्स काउंटी ही त्याची नावाजलेली ठिकाणे होती. तिथले तरुण रात्री डोंगरातल्या रस्त्यांवर दिवे मालवून फोर्ड पळवीत, आणि रविवारी त्याच गाड्या जत्रेच्या मैदानावर शर्यतीत उतरवीत. लॉइड सी हा त्यांतला विलक्षण हातखंडा असलेला मुलगा. १९४१ मध्ये अटलांटाच्या लेकवुड ट्रॅकवर जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, भट्टीसाठी उधारीवर घेतलेल्या साखरेच्या वादातून नात्यातल्याच माणसाने त्याला गोळी घातली. ज्युनियर जॉन्सन यांनी वडिलांच्या भट्टीपायी ११ महिने तुरुंगवास भोगला, पुढे ५० शर्यती जिंकल्या, आणि १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली.

तरीही केवळ चोरट्या दारूवर हा खेळ उभा राहिला, असे मी म्हणणार नाही. दारूचा पैसा होता, पण त्याबरोबर गॅरेजमधली अक्कल होती आणि युद्धातून परतलेले जवान होते. पहिल्या हंगामाच्या अजिंक्यवीराचेच उदाहरण घ्या. रेमंड पार्क्स यांचे भांडवल दारूच्या धंद्यातून आलेले, त्यांच्या गाड्या बांधणारे रेड व्होग्ट हे अटलांटाचे नामांकित मेकॅनिक, आणि चालक रेड बायरन. बायरन यांचा डावा पाय युद्धात बॉम्बफेकी विमानात निकामी झाला होता. त्यांच्या पायाला आधाराची लोखंडी पट्टी होती, आणि ती क्लचच्या पेडलला जोडता यावी म्हणून पेडलवर खास रिकीब बसवली होती. त्या पायाने त्यांनी १९४८ ची मॉडिफाइड, म्हणजे बदल केलेल्या गाड्यांच्या, गटाची आणि १९४९ ची, जशीच्या तशी गाडी चालवण्याची, अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळवली. क्लच दाबताना प्रत्येक वेळी त्यांना काय सोसावे लागत असेल, हे ज्याने अवघड जागी दिवसभर गाडी दामटली आहे त्याला समजेल.

उरणकर :

या चर्चेत डेटोनाच्या किनाऱ्याचा उल्लेख राहू नये, कारण माझ्या मते त्या काळाचा आत्मा तिथे होता.

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूवर बैलगाड्यांच्या शर्यती होतात, आणि समुद्र परत येण्याआधी सगळे उरकावे लागते. फ्लोरिडातील डेटोना येथे मोटारींचे अगदी तसेच होते. जमिनीवरील वेगाचे जागतिक विक्रम आधी याच वाळूवर होत असत. १९३५ मध्ये माल्कम कॅम्बेल यांनी तिथे ताशी २७६ मैलांचा वेग गाठला आणि त्यानंतर विक्रमवीर युटातील मिठाच्या सपाट मैदानाकडे वळले. गावाला काही तरी पर्याय हवा होता, म्हणून १९३६ मध्ये नगरपालिकेने साध्या गाड्यांची शर्यत भरवली आणि त्यात तिला तोटा झाला. वॉशिंग्टनहून आलेला बिल फ्रान्स नावाचा एक उंचापुरा मेकॅनिक त्या शर्यतीत पाचवा आला. पुढे शर्यती भरवण्याचे काम त्यानेच अंगावर घेतले.

हा मार्ग कसा होता, ते पाहा. समुद्राला समांतर डांबरी रस्त्यावरून दक्षिणेकडे जायचे, टोकाला वाळूत उतरणारे वळण घ्यायचे, मग थेट लाटांच्या कडेने उत्तरेकडे परत यायचे आणि दुसऱ्या वळणाने पुन्हा रस्त्यावर चढायचे. युद्धानंतर वापरात आलेल्या लांब मार्गाची एक फेरी चार मैलांहून थोडी अधिक होती. दोन्ही वळणांवरची वाळू पहिल्या काही फेऱ्यांतच उकरली जाई आणि त्या खळग्यांत गाड्या अडकत, उलटत. वाऱ्यावर उडणाऱ्या वाळूने पुढच्या काचा खरवडून आंधळ्या होत. शर्यतीची वेळ घड्याळ पाहून ठरत नसे, ती भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवावी लागे. किनारा उघडा असल्यामुळे तिकीट न काढता झुडपांतून शिरणारे लोक पुष्कळ असत. त्यांना रोखण्यासाठी फ्रान्स यांनी विषारी सापांपासून सावध राहण्याचे फलक लावले, आणि त्याचा उपयोगही झाला.

धागाकर्त्यांनी विचारलेल्या प्रश्नांच्या पलीकडची एक गोष्ट येथे सांगणे मला आवश्यक वाटते. १४ डिसेंबर १९४७ रोजी डेटोनातील स्ट्रीमलाइन हॉटेलात ज्या बैठका सुरू झाल्या आणि ज्यांतून फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅसकारची रीतसर नोंदणी झाली, त्यांचे कारण अगदी व्यावहारिक होते. त्या काळी शर्यत भरवणारे कित्येक आयोजक प्रेक्षकांचे पैसे गोळा करून शर्यत संपण्याआधीच पसार होत. प्रत्येक गावचे नियम वेगळे आणि प्रत्येक आयोजकाचा विजेता वेगळा. जखमी चालकाला कोणी विचारत नसे. एकच नियमावली, गुणांची एकच पद्धत, हमीचे बक्षीस आणि चालकांसाठी विमा या चार गोष्टींसाठी ती संघटना उभी राहिली. जशाच्या तशा गाड्यांची शर्यत १९४९ पर्यंत का थांबली, याचेही कारण साधेच आहे. युद्धकाळात खासगी गाड्यांचे उत्पादन बंद होते, आणि ज्या नव्या गाडीसाठी लोक महिनोन्‌महिने थांबले होते, ती ट्रॅकवर आपटून मोडताना पाहणे त्यांना रुचले नसते. गाड्यांचा तुटवडा ओसरल्यावरच फ्रान्स यांनी ते धाडस केले.

फेब्रुवारी १९५८ मध्ये किनाऱ्यावरची शेवटची मोठी शर्यत झाली. ती पॉल गोल्डस्मिथ यांनी जिंकली. हॉटेले वाढत होती, गर्दी आवरेनाशी झाली होती. पुढच्याच वर्षी ३१ अंश कललेल्या वळणांचा अडीच मैलांचा नवा ट्रॅक तयार झाला. तिथल्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत ली पेटी आणि जॉनी बोशँप इतके बरोबरीने आले की, छायाचित्रे आणि चित्रफिती तपासून पेटींना विजेते घोषित करायला तीन दिवस लागले. तो ट्रॅक भव्य आहे, यात वाद नाही. पण समुद्राला विचारून शर्यत भरवण्याची पद्धत त्या दिवशी संपली, आणि माझ्यासारख्या किनाऱ्यावरच्या माणसाला त्याची खंत वाटतेच.

ऐरोलीची वाचक :

वरील प्रतिसाद मी अतिशय आवडीने वाचले. त्या काळाबद्दलचे प्रेम मलाही आहे, आणि म्हणूनच त्यातली काही माणसे या आठवणींतून गळू नयेत, असे मला मनापासून वाटते.

पहिल्याच शर्यतीत ३३ गाड्या होत्या, आणि त्यांतली एक सेरा ख्रिश्चन यांची होती. जुलै १९४९ मध्ये डेटोनाच्या वाळूवर सेरा ख्रिश्चन, ल्युईज स्मिथ आणि एथेल मोब्ली अशा तीन स्त्रिया उतरल्या. एथेल या शर्यतीतले प्रसिद्ध चालक असलेल्या फ्लॉक बंधूंच्या भगिनी. त्यांनी त्या दिवशी ११ वा क्रमांक मिळवला आणि तीनपैकी दोन भावांना मागे टाकले. सेरा ख्रिश्चन यांनी त्याच वर्षी पिट्सबर्गजवळच्या हायडलबर्ग ट्रॅकवर पाचवा क्रमांक पटकावला. इतक्या वर्षांत या स्पर्धेच्या सर्वोच्च पातळीवर कोणत्याही स्त्रीला त्यापुढे जाता आलेले नाही. सुरुवातीला जे दार इतके सहज उघडे होते ते पुढे का लोटले गेले, याचा विचार जुन्या दिवसांवर प्रेम करणाऱ्यांनीच करायला हवा.

वेंडेल स्कॉट यांची गोष्ट त्याहून कठीण आहे. व्हर्जिनियातील डॅनव्हिलचे हे कृष्णवर्णीय मेकॅनिक स्वतःची गाडी स्वतः बांधत, मुलांना मदतीला घेत आणि जुन्या, वापरलेल्या सुट्या भागांवर हंगाम काढत. काही ट्रॅकवर त्यांना उतरूच दिले जात नसे. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर ते सर्वांच्या पुढे होते, पण विजयाचा झेंडा त्यांना दाखवला गेला नाही. बक बेकर यांना विजेते घोषित करून करंडक दिला गेला. स्कॉट यांनी फेऱ्यांची फेरमोजणी मागितली, आणि प्रेक्षक घरी गेल्यानंतर कित्येक तासांनी खरे विजेते स्कॉटच असल्याचे मान्य झाले. बक्षिसाची रक्कम मिळाली. करंडक मात्र मिळाला नाही. सुमारे पाचशे शर्यती खेळलेला हा माणूस १९९० मध्ये गेला. २०१५ मध्ये त्यांना नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले आणि जॅक्सनव्हिलचा करंडक त्यांच्या कुटुंबाच्या हाती पडला तो २०२१ मध्ये. त्या मातीच्या ट्रॅकचे सौंदर्य मला मान्य आहे, पण त्या संध्याकाळी रिकाम्या स्टँडसमोर उभे असलेले स्कॉट आणि त्यांची मुले माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

आणखी एक मुद्दा सुरक्षिततेचा. गाडी जशीच्या तशी असण्याचा अर्थ असाही होता की, पेट्रोलची टाकीही साध्या गाडीचीच, धडक बसताच फुटणारी. २४ मे १९६४ रोजी शार्लटच्या ६०० मैलांच्या शर्यतीत फायरबॉल रॉबर्ट्स यांची गाडी उलटून पेटली. सहकारी चालक नेड जॅरेट यांनी त्यांना आगीतून बाहेर ओढले, पण २ जुलै रोजी वयाच्या अवघ्या ३५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतरच आतून रबरी पिशवी असलेल्या, न फुटणाऱ्या टाक्या आल्या. नौपाडाकर, आपण आजच्या गाडीबद्दल शोरूमशी नाते तुटल्याची तक्रार करता, ती मला समजते. परंतु ते नाते ज्या कारणांनी तुटले त्यांत ही मरणे आहेत. उद्या माझ्या घरचे कोणी शर्यतीत उतरणार असेल, तर मी त्याला आजच्याच गाडीत बसवीन.

खारघर सेक्टर १२ :

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो.

व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिल हा अर्ध्या मैलाचा ट्रॅक १९४७ पासून चालू आहे. १९४९ च्या पहिल्या हंगामातील ट्रॅकपैकी आजच्या मुख्य वेळापत्रकात सलग टिकून राहिलेला तो एकटाच. फक्त १९५५ मध्ये त्यावर डांबर आले. विजेत्याला तिथे उंच लाकडी घड्याळ देतात. विन्स्टन-सेलम येथील बोमन ग्रे स्टेडियममध्ये फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाची पट्टी आहे, तिथे १९४९ पासून साप्ताहिक शर्यती होत आल्या आहेत, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेतील चालक पुन्हा तिथे उतरले.

माझा सर्वांत आवडता ट्रॅक मात्र नॉर्थ विल्क्सबरो. वागळे इस्टेटच्या काकांनी ज्या विल्क्स काउंटीचा उल्लेख केला, तिच्याच मध्यभागी तो आहे. १९९६ मध्ये तिथल्या दोन्ही शर्यती टेक्सास आणि न्यू हॅम्पशरच्या ट्रॅकमालकांनी उचलून नेल्या आणि ट्रॅक गवतात गेला. २०१९ च्या अखेरीस नामांकित चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर आणि काही स्वयंसेवकांनी गवत काढून तो साफ केला, जेणेकरून संगणकावरील शर्यतीसाठी त्याची मोजणी करता येईल; त्यातूनच लोकांचे लक्ष पुन्हा वळले आणि मे २०२३ मध्ये तिथे ऑल-स्टार शर्यत झाली. मी घरी स्टिअरिंग आणि पेडल जोडून हा ट्रॅक चालवतो. पुढची सरळ पट्टी उताराची आणि मागची चढाची आहे, हे मी वाचले होते. पण पहिल्या वळणाशी ब्रेक दाबताना उतारामुळे गाडी पुढे खेचली जाते आणि तिसऱ्या वळणाकडे जाताना तिचा दम लागतो, हे चाक हातात घेतल्याशिवाय कळत नाही. ही रचना मुद्दाम केलेली नाही. जमीन सपाट करायला पैसे कमी पडले, म्हणून ती तशीच राहिली. डार्लिंग्टनचा अंड्यासारखा आकारही असाच आला. जमीन विकणाऱ्याला आपले मासळीचे तळे जपायचे होते, म्हणून तो ट्रॅक बांधणाऱ्या हॅरल्ड ब्रॅसिंग्टन यांनी एका टोकाची वळणे आवळून घेतली, आणि आजही प्रत्येक संघाला तिथे दोन टोकांसाठी दोन वेगळ्या तडजोडी कराव्या लागतात. त्या काळातले मला सर्वांत अधिक भावते ते हेच, की ट्रॅक जमिनीप्रमाणे वाकत होते.

नॉर्थ कॅरोलायनातील हिल्सबरोचा ऑकोनीची ट्रॅक मात्र वेगळ्या प्रकारे वाचला आहे. पहिल्या हंगामातील मातीच्या ट्रॅकपैकी तेवढाच मातीचा म्हणून उरला. १९६८ मध्ये तो बंद झाला, त्यावर रान वाढले, आणि आता तिथे झाडीतून चालण्याची पायवाट आहे. राष्ट्रीय वारसास्थळांच्या यादीतही त्याची नोंद झाली आहे.

नौपाडाकर (ठाणे) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताई, आपण लिहिलेले मला पूर्णपणे पटले. माझ्या भिंतीवर लावण्यासाठी काढलेल्या छायाचित्रांत मँट्झ यांच्या प्लिमथशेजारी वेंडेल स्कॉट यांची निळी गाडी लागेल. माझा भाचा नोकरीनिमित्त नॉर्थ कॅरोलायनातील रॅली शहरात राहतो. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेतील त्या काळातली मातीवरची शेवटची शर्यत ज्या मैदानावर ३० सप्टेंबर १९७० रोजी झाली आणि रिचर्ड पेटींनी जिंकली, ते त्याच शहरात आहे. हिल्सबरोही तिथून फार लांब नाही. त्याच्याकडे जाण्याचा योग आल्यास ऑकोनीचीची पूर्ण फेरी पायी मारण्याचा विचार आहे.

काका, एक शंका राहिली. नियम कडक असतानाही गाडीत बदल करण्याची पहिली अधिकृत सवलत कोणत्या भागासाठी मिळाली असावी?

वागळे इस्टेट :

उजव्या पुढच्या चाकासाठी. ट्रॅकवर वळणे सगळी डावीकडचीच असल्यामुळे दर वळणाला गाडीचे ओझे उजवीकडे आणि पुढे ढकलले जाते. साध्या गाडीची चाकाची चकती त्यासाठी बनवलेलीच नसते. नट जिथे आवळतात ती भोके आधी लांबट होतात, मग नट पत्र्यातून आरपार ओढले जातात आणि चाक निखळते. म्हणून त्या एका चाकाला आतून जाड पोलादी पट्टी लावण्याची मुभा सुरुवातीलाच देण्यात आली. त्यानंतर छत दबू नये म्हणून आतून पाइप आले, मग धुऱ्या आणि हब बदलले, आणि १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कारखान्यातल्या चासीच्या जागी शर्यतीसाठी बांधलेली चासी येऊ लागली. भाच्याकडे गेलात आणि एखाद्या संग्रहालयात त्या काळची गाडी पाहायला मिळाली, तर आधी उजव्या पुढच्या चाकाशी वाकून पाहा. ती पट्टी असेल, तर ती गाडी खरोखर ट्रॅकवर धावलेली आहे असे समजायला हरकत नाही.